मुखेडच्या बाजारात दोर मिळत नाही

फसली तेराशे अठ्ठेचाळीसच्या, म्हणजे इसवी एकोणीसशे एकोणचाळीसच्या चैत्रात हैदराबादेतल्या एका छापखान्यातून चाळीस पानांची एक पुस्तिका बाहेर पडली. जिल्ह्याजिल्ह्यांत कामकाजासाठी जाणाऱ्या व्यापाऱ्यांना आणि पाहुण्यांना वाट दाखवावी, हा तिचा हेतू होता. तीत डाकबंगले होते, मोटारीचे रस्ते होते, कोणत्या महिन्यात कोणता माल कुठे मिळतो याचे कोष्टक होते आणि शेवटच्या चार पानांत माणसे होती. नांदेडच्या दक्षिणेकडील माणसांविषयी तीत म्हटले होते : "लोक धिमे, सहनशील व आज्ञाधारक. पहिला नकार मनावर घेऊ नये. जनावरांस देव मानतात. परंतु वरून योग्य दाब आल्यास देव सोडून देतात." लेखकाने हा सारा प्रदेश अकरा दिवसांत, मोटारीच्या काचेतून पाहिला होता. एवढ्या थोड्या श्रमात एवढे ज्ञान पदरात पडते, याचा कुणालाही हेवा वाटावा.

ही पुस्तिका बगलेत मारून तहसिलीचा पेशकार रेणुकादास मुखेडहून सांगवी गावी आला तेव्हा तिथल्या सिद्रामप्पाच्या विहिरीत दीड हात पाणी उरले होते.

मोट कधीच बंद पडली होती. बुडणार नाही एवढ्या पाण्यात मोट सोडून उपयोग नसतो. सिद्रामप्पाची बायको गुरम्मा पायऱ्या उतरून तळाशी जाई, लोट्या-लोट्याने घागर भरी आणि सिद्रामप्पा वरून ती ओढून घेई. तीस वर्षे मोट हाकून त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटे खाली आला होता. घागर वर आली की तो ती डाव्या हाताने तोलून घेई आणि उजवा हात नुसता सोबतीला धरी. दिवसाला सहा घागरी निघत. दोन माणसांना, एक बैलजोडीला आणि तीन वळूला.

वळू वानेरा होता. अंग धुतल्या धोतरासारखे पांढरे, तोंडाच्या दोन्ही अंगांना काळे. सिद्रामप्पाच्या बापाच्या काळी बुळकांड्यांची साथ येऊन सात गावांतले गोठे एका महिन्यात रिकामे झाले होते. वाचले ते या घरचे एकच देवणी वासरू. म्हाताऱ्याने ते लिंगायतांच्या बसवण्णाला वाहिले, सात गावांच्या गाईंसाठी मोकळे केले आणि बजावले की गाय दाखवायला येणाऱ्याकडून नारळसुद्धा घ्यायचा नाही. आताचा वळू त्या वासराचा पणतू. सात गावांत आज जे पांढरे दिसत होते ते सारे त्याच रक्ताचे होते.

नारळ घ्यायचा नाही, तर कडबाही घ्यायचा नाही, असा सिद्रामप्पाने आपल्यापुरता अर्थ लावला होता. यंदा घरचा कडबा माघातच संपला. तेव्हापासून तो अंजनाचा पाला आणि बाभळीच्या शेंगा गोळा करत हिंडत होता; हातापायांवर काट्यांच्या रेघा होत्या. आणि तरीही रोज पहाटे गोठ्याच्या भिंतीआत कडब्याच्या एक-दोन पेंढ्या पडलेल्या असत. कोण टाकून जाई ते सर्वांना ठाऊक होते, म्हणजे कुणालाच ठाऊक नव्हते. गुरम्मा पेंढी उचलताना नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे, "रातच्याला वारा लई सुटला वं." सिद्रामप्पा म्हणे, "हाव. सुटला आसंल." वाऱ्याने आणलेल्या गोष्टीला मोबदला म्हणता येत नाही.

रेणुकादास घराण्याने नांदेडचा, चौथ्या पिढीचा कारकून. त्याचे फारसी लिपीतले हस्ताक्षर सुरेख होते आणि ते त्याला ठाऊक होते. गावोगावच्या जातिवंत जनावरांची यादी करण्याचे काम त्याच्याकडे होते. कारण हैदराबादेकडच्या एका बड्या गोशाळेचा गोरा साहेब वळू निवडायला येणार होता. अंगणात बाजेवर बसून त्याने रंग, वय, उंची हे रकाने भरले आणि मालिकाच्या रकान्यापाशी लेखणी थांबवली.

"मालिक कोण?"

"बसवण्णा," सिद्रामप्पा म्हणाला.

"तुझं नाव विचारतो."

"माजं नाव सिद्रामप्पा. वळू बसवण्णाचा. आमी राखणदार."

या उत्तरात सिद्रामप्पाला अभिमान होता. बाप असेच बोलायचा. पोळ्याला सात गावांसमोर तो स्वतःही असेच बोले आणि लोक मान डोलवत. हे वाक्य कधी कुणी कागदावर उतरवील, हे त्याच्या मनात येण्याचे कारण नव्हते. रेणुकादासाने क्षणभर विचार केला आणि सुरेख अक्षरात लिहिले : लावारिस. ज्याला मालक नाही ते जनावर सरकारचे. सरकारचे जनावर सरकार ज्याला देईल त्याचे. गोशाळेला वळू मिळाला असता, साहेबाची थैली सुटली नसती आणि पेशकाराचे नाव वर गेले असते. देवाला मालक मानणाऱ्या माणसाची मालकी काढून घेण्यासाठी देवाचेच नाव पुरेसे ठरले. धर्मशास्त्राला जे कधी जमले नाही ते लेखणीच्या एका ओढीत झाले.

पाचव्या दिवशी साहेब आला. नाव कॉनरॉय, सांगवीने त्याचा पहिल्या तासातच कानरायसाहेब करून टाकला. वय पन्नाशीकडे, मान उन्हाने वांग्यासारखी झालेली, हात मात्र शेतकऱ्याचे. तो इंग्रज नव्हता, आयर्लंडमधल्या रॉसकॉमन नावाच्या एका गुराढोरांच्या परगण्यातला होता. हा फरक तो प्रत्येकाला मोडक्या हिंदुस्थानीत सांगे आणि कुणालाच तो कळत नसे. वळूपाशी गेल्यावर त्याने टोपी काढली. पाठीवरून, वशिंडावरून, मांड्यांवरून हात फिरवला, खूर उचलून पाहिले, डोळ्यांची पापणी अंगठ्याने वर केली. वळूला वेसण नव्हती, देवाचे नाक कोणी टोचत नाही. गळ्यात अंबाडीचे एक जाड दावे, तेवढेच. तरी तो हलला नाही. साहेबाने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. नंतर पेशकाराकडे वळून त्याने किंमत विचारली.

पेशकाराने हसून सांगितले की किमतीचा प्रश्नच नाही, जनावर लावारिस आहे, बाजाराच्या दिवशी सकाळी आपण ते मुखेडला पोचते करू. साहेबाने सिद्रामप्पाकडे पाहिले. ज्या माणसाच्या हाताला त्या वळूचा वास येत होता त्याला लावारिसपणात कुठे बसवावे, हे त्याला समजेना. पण कागद पेशकाराच्या हातात होता, आणि परमुलखात धंदा करणारा माणूस कागदावर विश्वास ठेवायला लवकर शिकतो. तो मोटारीत जाऊन बसला.

रेणुकादास मागे रेंगाळला. तो दुष्ट नव्हता. दुष्टपणाला लागणारी चिकाटी त्याच्यात नव्हती. त्याने सिद्रामप्पाला निंबाखाली बाजूला घेतले आणि हळू आवाजात सुचवले की अजून शाई वाळलेली नाही. "एकच शब्द बोल, अप्पा. 'माझा' म्हण. मी रकाना दुरुस्त करतो. मग विक, नाहीतर विकू नकोस. तुझी मर्जी."

निंबाभोवती तोवर पंधरा-वीस माणसे जमली होती. सिद्रामप्पाने त्यांच्याकडे एकदा पाहिले.

"बापानं दिलेलं मी माघारी कसं घिऊ?" तो म्हणाला. "लिवलं ते ऱ्हाऊ द्या."

गुरम्मा दाराशी उभी होती. त्या रात्री भाकरी वाढताना ती काही बोलेल असे सिद्रामप्पाला वाटले. त्याने तो शब्द उच्चारावा असे तिला वाटत होते की नाही, हे तिने त्याला कधीच कळू दिले नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून वळूला तीनऐवजी चार घागरी मिळू लागल्या, आणि माणसांना एक.

बाजाराच्या दिवशी सकाळी पेशकार आला. सोबत महताब नावाचा शिपाई होता आणि चावडीवरून धाकासाठी उचललेला, कैद्यांना घालायचा लोखंडी साखळदंड होता. त्याचा उपयोग पडेल असे तेव्हा कुणाला वाटले नव्हते. अंगणाबाहेर सात गावांतली माणसे येऊन बसली होती. कोणी ओरडले नाही, कोणी रडले नाही. पुस्तिकेचा लेखक तिथे असता तर आपले निदान खरे ठरल्याचे समाधान त्याला मिळाले असते.

गुरम्मा तांब्याभर पाण्यात न्हाऊन आली. तिने वळूच्या खुरांवर पाणी घातले, कपाळाला भस्माची तीन बोटे ओढली, वाटीतला गूळ त्याच्या जिभेवर ठेवला. मग गळ्यातल्या दाव्याची गाठ दोन्ही हातांनी सोडली, दावे उतरवले, कोपरावर गुंडाळून त्याचे वेटोळे केले आणि घरात नेऊन खुंटीला अडकवले. बाहेर येऊन ती बाजूला उभी राहिली.

"न्या," ती म्हणाली. "दावं आमच्यापाशी ऱ्हातं. तुमचं तुमी आना."

इथे पेशकाराला आपली चूक कळली. तो कारकून असला तरी याच मातीतला होता. जनावर घराबाहेर जाते, दावे जात नाही. दावे गेले तर गोठ्याचे नशीबच त्याच्यामागे गेले असे समजतात. म्हणून नेणाऱ्याने आपला दोर आणायचा आणि देणाऱ्याने आपला उतरवायचा. गरिबातला गरीबही ही रीत पाळतो. रेणुकादासाने यादी आणली होती, हुकूम आणला होता, शिपाई आणला होता. दोर आणला नव्हता.

त्याने सभोवार बसलेल्यांकडे दोर मागितला. प्रत्येकाच्या गोठ्यात दहा दावी होती आणि प्रत्येकाच्या तोंडावर विलक्षण विसराळूपणा होता. एकाचे दावे कालच तुटले होते, दुसऱ्याचे सोयऱ्याने नेले होते, तिसऱ्याला दावे म्हणजे काय हेच नीट आठवेना. हुकूम कुणी मोडला नव्हता. वळूला कुणी अडवले नव्हते. तो उघड्या मानेने, मोकळा, अंगणाच्या मध्यभागी उभा होता आणि कुणीही त्याला नेऊ शकत होते.

शेवटी पेशकाराने महताबला साखळदंड घालायला सांगितले. महताब साखळी घेऊन वळूच्या चार पावलांवर गेला, थांबला, आणि साखळी जमिनीवर ठेवून परत आला.

"नहीं होता, साब," तो म्हणाला. "हमारी गाय बी इसीच से गाभन है."

पेशकाराने साखळीकडे पाहिले, वळूकडे पाहिले. आयुष्यात त्याने फायलींखेरीज काही बांधले नव्हते. वळूने नाकातून एकदा जोरात वारा सोडला, आणि पेशकार आपल्या बैलांच्या दमणीत जाऊन बसला.

मुखेडच्या बाजारात दोरांची एक सबंध रांग बसे. दगडोबा मांग त्या रांगेच्या टोकाला असे. तो सांगवीचाच. वळूच्या गळ्यातले दावे दर पोळ्याला त्याच्या हातून नवे होऊन येई : अंबाडी भिजवून, सोलून, मांडीवर वळून, तीन पदरी. गुरम्मा त्याच्याकडून ते अंगणाच्या कुडाबाहेरून घेई, त्यावर पाणी शिंपडी, मग वळूला घाली. दाव्याला विटाळ नव्हता, दावे वळणाऱ्या हाताला होता. ज्या बसवण्णाच्या नावाने हे चालले होते त्याने आठशे वर्षांपूर्वी जातपात व विटाळ मानू नये असे आपले मत स्वच्छ शब्दांत सांगून ठेवले आहे. परंतु माणसे देवाचे नाव घेतात ते बहुधा त्याचे मत ऐकावे लागू नये म्हणून.

साहेब डाकबंगल्यावर वाट पाहत होता. दोर मिळत नाही म्हणून वळू आला नाही, हे पेशकाराचे सांगणे त्याला प्रथम नीट समजले नाही. समजले तेव्हा तो स्वतः बाजारात आला. सांगवीची खबर दमणीच्या आधी पोचली होती. दोरवाल्यांची रांग नेहमीसारखी मांडून बसली होती. कासरे होते, दावी होती, नाडे होते, ढीगच्या ढीग. साहेबाने दगडोबापुढे उकिडवे बसून एक दावे उचलले, पीळ दोन्ही हातांनी ताणून पाहिला, मान डोलवली आणि किंमत विचारली.

"इकलं," दगडोबा म्हणाला.

साहेबाने दुसरे उचलले.

"त्ये बी इकलं."

पेशकाराने साऱ्या ढिगाकडे बोट दाखवून विचारले की हे सगळे कुणाला विकले.

"पोळ्याला."

"पोळ्याला अजून पाच महिने आहेत."

"म्हून तर. आगूदरच इकून ठिवलं, साहेब. मागनं तारांबळ हुती."

शेजारचा दोरवाला खाली मान घालून हसला. त्याचेही पोळ्याला विकले गेले होते, त्याच्यापलीकडच्याचेही. रांगेच्या दुसऱ्या टोकापर्यंत पेशकार विचारत गेला आणि तितक्याच आदराने त्याला तेच उत्तर मिळाले. निजामाच्या राज्यात पलटणी होत्या, तोफा होत्या, तुरुंग होते. एका गाईच्या नवऱ्याला बांधण्यापुरता दोर नव्हता.

रेणुकादास घामाघूम होऊन दगडोबापाशी परत आला. त्याने वेठीची धमकी दिली. उद्यापासून सरकारी छावणीवर बोलावून घेतो म्हणाला. दगडोबाने शांतपणे सांगितले की बोलवा, येतो, तंबूचे दोर वळायचे तर वळतो. वेठ काय आज नवी नाही. जनावराच्या गळ्यातला दोर मात्र वळणाऱ्याच्या मनावर आहे.

तेव्हा पेशकाराने त्याच्या वर्मी बोट ठेवले. "अरे, ज्या अप्पासाठी तू हे करतोस, तो तुला कुडाच्या आत पाऊल टाकू देतो का?"

दगडोबा हातातली अंबाडी मांडीवर वळत होता. ती त्याने थांबवली नाही.

"अप्पासाठी कोन करून राहिलं?" तो म्हणाला. "माज्या गाईला त्या वळूनं कवा जात इचारली न्हाई. म्हून."

साहेबाने याचा अर्थ विचारला. पेशकाराला तो सांगावा लागला, आणि भाषांतर करताना त्याच्या सुरेख हिंदुस्थानीतले शब्द एकाएकी सापडेनासे झाले. साहेबाने हातातले दावे ढिगावर परत ठेवले. मग त्याने जे सांगितले ते रेणुकादासाला फारसे समजले नाही. त्याच्या परगण्यात त्याच्या आजाची एक गाय जमीनदाराच्या माणसांनी अशीच नेली होती. बाजाराला निघालेल्या त्या गाईच्या दोराला सबंध मुलखात कुणी हात लावला नाही. शिपायांनाच ती अकरा मैल ओढत न्यावी लागली आणि वाटेत त्यांना कुणी पाणी दिले नाही, गाईला मात्र प्रत्येक दारात मिळाले. त्या परगण्याविषयीही लंडनमध्ये अशीच पुस्तिका निघाली होती. तीतही लोक धिमे, देवभोळे आणि दाबाला वश होणारे होते. जगात परगणे पुष्कळ असतात. त्यांच्यावर लिहिणारा माणूस एकच असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार सांगवीला आली.

वळू जागचा हलला नव्हता. रात्रभर तो मोकळ्या अंगणात उभ्याचा उभा होता, कुणाच्या वैरणीला तोंड लावायला गेला नव्हता, आणि त्याला दावे घालता येत नव्हते. पूजा करून उतरवलेले दावे उतरवणाऱ्या हाताने पुन्हा चढवायचे नसते. गुरम्माचा हात त्यातून बाद झाला होता, आणि जनावर अजून सरकारचे असताना दुसऱ्याने हात घालावा अशी कुणाची छाती नव्हती. सिद्रामप्पा वळूच्या पुढ्यात पाल्याचा भारा सोडत होता. साहेबाला पाहून त्याने कंबर सरळ केली, उजवा खांदा होता तिथेच राहिला.

साहेबाने पेशकाराला यादी उघडायला लावली आणि लावारिस या शब्दावर स्वतः रेघ ओढली. खाली, फुकटचे जनावर गोशाळेला नको, असे लिहून सही केली. मग त्याने सिद्रामप्पाला विचारले की वळू विकणार का. सिद्रामप्पाने नाही म्हटले. साहेबाने पुन्हा विचारले नाही, पुस्तिकेने स्पष्ट बजावले असतानाही. थोडा वेळ थांबून त्याने आपल्या मोडक्या भाषेत दुसरी गोष्ट काढली : पावसाळा लागला की गोशाळेच्या गाई इकडे चालवत आणल्या तर चालतील का.

सिद्रामप्पाने कुडाबाहेर जमलेल्या माणसांकडे पाहिले. कुणी नाही म्हटले नाही.

"सात गावं हायती," तो म्हणाला. "तुमचं आठवं. येऊ द्या. नारळ बी आनायचा न्हाई."

साहेबाचा चेहरा उजळला. आणि त्या आनंदात त्याने तेच केले जे त्याच्या मुलखातल्या बाजारात सौदा जुळला की बाप-आजे करत आले होते : उजव्या तळहातावर थुंकला आणि तो हात सिद्रामप्पापुढे केला.

सिद्रामप्पा त्या हाताकडे पाहत राहिला. लिंगपूजेशिवाय तोंडात पाण्याचा थेंब न घेणारा माणूस. तो मागे सरकला नाही, पण हातही पुढे आला नाही. पेशकाराच्या मुद्रेवर कालपासून प्रथमच सुखाची छटा आली.

गुरम्मा घरात गेली आणि भरलेला तांब्या घेऊन आली. माणसांच्या वाट्याची जी एक घागर होती, तिच्यातले ते पाणी. तिने साहेबाचा हात एका हाताने आडवा धरला आणि शेवटच्या थेंबापर्यंत तांब्या त्याच्यावर रिता केला.

"थुकलेल्या हातात आमी हात देत न्हाई," ती म्हणाली. "तुमच्याकडची रीत आसंल, दुसरं काई न्हाई. आता द्या."

सिद्रामप्पाने ओला हात हातात घेतला. बाहेर कुणीतरी हसले. मग साहेबही हसला, मानेपर्यंत लाल होऊन.

माणसे उठू लागली. तेव्हा गुरम्मा पुन्हा घरात गेली आणि खुंटीवरचे दावे घेऊन आली. ती वळूकडे गेली नाही. कुडाच्या फाटकाशी गेली. बाहेर, सगळ्यांच्या मागे, निंबाच्या सावलीच्या कडेला दगडोबा उभा होता. खांद्यावर न विकलेल्या दोरांचा भारा होता. तो काल बाजारात काय बोलला ते महताबने आदल्या संध्याकाळीच साऱ्या गावाला सांगितले होते; सिद्रामप्पाच्या घरातही ते पोचले होते, आणि त्यावर नवराबायको एकमेकांशी एक शब्दही बोलली नव्हती.

गुरम्माने दावे पुढे धरले.

"माजा हात आता चालत न्हाई," ती म्हणाली. "तू वळलंस. तूच घाल."

दगडोबाने दावे घेतले नाही. त्याने तिच्या खांद्यावरून आत, सिद्रामप्पाकडे पाहिले. त्याची नजर विनवणीची नव्हती. तो फक्त वाट पाहत होता, जशी काल साऱ्या बाजाराने पेशकाराला वाट पाहायला लावली होती.

सिद्रामप्पापुढे दोन आठवड्यांत दुसऱ्यांदा असा प्रसंग आला होता की त्याने एक शब्द बोलावा. पहिला शब्द न बोलण्यात त्याची मान उंच राहिली होती. हाही न बोलता राहता आले असते. चार पिढ्या कुणी बोलले नव्हते आणि कुणाची मान खाली गेली नव्हती, निदान आपली गेली असे कुणाला वाटले नव्हते. त्याने वळूच्या वशिंडावर हात ठेवला. जमलेल्यांत त्याच्या जातीचे होते, भावकीतले होते. एकजण खाकरला.

"दगडोबा," सिद्रामप्पा म्हणाला. आजवर तो त्याला दगड्या म्हणत आला होता. "आत ये."

दगडोबाने खांद्यावरचा भारा उतरवून कुडाला टेकवला. घाई केली नाही. "पाय धुवाया पानी लागंल, अव्वा?" त्याने विचारले, आणि त्याचा चेहरा इतका सरळ होता की तो थट्टा करतो आहे की काय, हे पेशकाराला शेवटपर्यंत कळले नाही.

"पानी सायबाच्या हातावर गेलं," गुरम्मा म्हणाली. "तसाच ये."

तो धुळीच्या पायांनी फाटकातून आत आला. अंगण ओलांडायला त्याला अकरा पावले लागली. बाहेर उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने ती मोजली होती आणि पुढे ती पुष्कळदा सांगितली. वळूसमोर येऊन त्याने दावे उलगडले, मानेवरून टाकले, गळ्याखाली दोन बोटांची जागा सोडली आणि गाठ मारली. वळूने मान हलवली नाही. दगडोबाच्या मनगटावर अंबाडीचा आंबूस वास होता. वळूने तो हुंगला आणि जिभेने एकदा चाटला. मग दगडोबाने दाव्याचे दुसरे टोक सिद्रामप्पाच्या हातात दिले, हातातून हातात, वरून न टाकता. सिद्रामप्पाने ते घेतले. पाणी कुणी शिंपडले नाही.

पावसाळ्यात गोशाळेच्या बारा गाई आल्या. प्रत्येकीच्या गळ्यात दगडोबाचे दावे होते. ती दावी साहेबाने मुखेडच्या बाजारात, त्याच रांगेत, दगडोबा म्हणेल त्या किमतीला घेतली होती.

दोन वर्षांनी पुस्तिकेची सुधारून वाढवलेली आवृत्ती निघाली. माणसांची पाने तशीच होती : धिमे, सहनशील, आज्ञाधारक. फक्त तळाशी बारीक टाइपात एका वाक्याची भर पडली होती, आणि त्या साऱ्या पुस्तिकेतले तेवढे एकच वाक्य खरे होते : "जनावर आणण्यास जाणाऱ्याने दोर सोबत न्यावा, मुखेडच्या बाजारात दोर मिळत नाही."